पट्ट्याला इस्त्री

थोरलीला आपल्या अंगाला कुणी हात लावलेला जन्मात खपला नव्हता, आणि आता हात लावून घेतल्यावाचून तिला उठता येत नव्हतं.

दोघी बहिणींची लाँड्री होती. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे धुण्याचं फरसबंद अंगण. धुणं धाकटीकडे, इस्त्री थोरलीकडे. पाणी एकीचं, आग दुसरीची. लग्न दोघींचंही झालं नाही. थोरलीला कुणी पसंत पडला नाही, आणि थोरलीचं झाल्याशिवाय धाकटीचं कुणी विचारलं नाही. मधली एक बहीण होती, तिनं कुणाची वाट न बघता आपलं आपण जमवलं, संसार करून लवकर गेली आणि मागे एक मुलगा ठेवून गेली. तो भाचा आता स्वतःच टक्कल पडायच्या वयाचा झाला होता.

थोरली पडली ती अंगणातल्या ओल्या पायरीवर. हातात इस्त्रीच्या चादरींची चळत होती. पडताना तिनं चळत छातीशी कवटाळली आणि अंग तेवढं फरशीवर टाकलं. लोक धावत आले तर ही आडवी पडलेली आणि चादरी कोरड्या ठणठणीत. ‘खुबा मोडला पण घडी मोडली नाही,’ असं गल्लीत जो तो कौतुकानं सांगू लागला. थोरलीलाही ते आवडलं होतं. ऑपरेशनच्या खोलीत नेताना डॉक्टरलाही तिनं ते ऐकवलं म्हणतात.

मोडलेलं हाड काढून खुब्यात धातूचा गोळा बसवला. घरी आली ती नियमांचं गाठोडं घेऊन. पायावर पाय टाकायचा नाही. कमरेतून पुढे वाकायचं नाही. पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. खाली बसायचं तर नावच नको. खुर्ची उंच हवी, कमोडवरची बैठकही उंच हवी.

“म्हणजे राणीसारखं ताठ बसायचं,” थोरली म्हणाली. “राणीला निदान राज्य तरी असतं.”

व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायची. तिशीतली, केस कापलेली, पायात कायम बूट. पहिल्याच भेटीत तिनं पिशवीतून एक रुंद करडा पट्टा काढला. जाड विणीचा, पुढे धातूचं बकल आणि बकलात बारीक दात.

“हा कशाला?” थोरली म्हणाली. “मी काय बैल आहे?”

“आजी, हा तुम्हाला बांधायला नाही. तुमच्या बहिणीला धरायला आहे.”

“आजी म्हणू नकोस. नातवंडं नाहीत मला.”

बाई हसली आणि धाकटीकडे वळली. “नीट बघा हं. काखेत हात घालून उचलायचं नाही. हात धरून ओढायचं नाही. पट्टा कपड्यावरून कमरेला बांधायचा, आत दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. धरायचं ते खालून मूठ घालून. आणि दरवेळी बांधून झाला की हे शेपूट असं जोरात ओढून पाहायचं.” तिनं पट्ट्याचं मोकळं टोक हिसडलं. बकल जागचं हललं नाही. “दात कापडात रुतले पाहिजेत. सरकला तर उठवायचंच नाही. समजलं?”

धाकटीनं मान डोलावली.

“आता त्या पुढे सरकतील, पलंगाच्या काठाशी येतील. दुखरा पाय पुढे. हात पलंगावर, वॉकरवर नाहीत. वॉकर धरून उठलं तर तो अंगावर येतो. तीन म्हटलं की त्या उठतील. तुम्ही उचलायचं नाही, त्या उठतात, तुम्ही सांभाळता. वळताना पाय गरकन फिरवायचा नाही, छोटी छोटी पावलं टाकायची. आणि खाली जायला लागल्याच तर वर खेचायचं नाही, आपल्या अंगावरून सावकाश बसवायचं. चला. एक, दोन, तीन.”

थोरली उठली. तोंड पांढरं पडलं, पण उठली. त्या दिवसापासून तिनं त्या बाईचं नाव ‘एक-दोन-तीनबाई’ ठेवलं. “आली का गं तुझी एक-दोन-तीनबाई? तिला चार येत नाही वाटतं.”

धाकटीला मात्र त्या पट्ट्यानं एक नवलच दाखवलं. जन्मभर एका छपराखाली राहून बहिणीला तिनं कधी धरलं नव्हतं. दोघींचं जवळ येणं म्हणजे घडीपुरतं. मोठी चादर दोन टोकांनी धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकाला टोक द्यायचं, बोटांना बोटं लागायची, की पुन्हा मागे. तेव्हा थोरली पुटपुटायची,

काठाला गं काठ, टोकाला टोक,
मधली चुणी बाई, दिसायची नाही लोकां.

चादर मधे असायची नेहमी. आता चादर नव्हती. पट्ट्यात मूठ घालून धाकटी उभी राहायची तेव्हा थोरलीचा श्वास तिच्या गळ्याशी लागायचा. बहीण केवढीशी होती! आवाज एवढा मोठा, आणि आत माणूस म्हणजे हँगरला लावलेला सदरा.

“काय बघतेस? ओढ वर.”

“ओढायचं नाही, ताई. तू उठायचंस.”

“एक-दोन-तीनबाईची शिष्या झालीस.”

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. मुंगीचंही कुणाला वाईट वाटलं नसतं, पण ही मुंगी मधेच थांबली. पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून कमोड, कमोडवरून पलंग, याच्यापुढे थोरली जाईना. पाय जाईना असं नव्हे, मन जाईना. पुढे दुकानात इस्त्रीसाठी बाहेरची एक मुलगी ठेवली होती, तिच्या इस्त्रीचा आवाज भिंतीतून यायचा. थोरली तो आवाज ऐकत पडून राहायची. “शिंपडलं नाही तिनं. कोरड्यावर फिरवतेय. बाही जाळणार बघ.” आधी ओरडून सांगायची, मग नुसतं बोलायची, मग तेही बंद झालं. जेवण ताटात राहू लागलं. तिचे हात पांघरुणावर पडलेले असत, तळवे वर. त्या तळव्यांवर चटक्यांच्या जुन्या खुणा होत्या. काम नसलेले हात इतके उघडे दिसतात हे धाकटीला तेव्हा कळलं.

एके दुपारी पट्टा बांधताना थोरली म्हणाली, “थांब. दाखव तो.”

“काय झालं?”

“काय झालं काय! बघ कसा झालाय. वळकटी नुसती. घामट वास येतोय. लाँड्रीवाल्यांच्या घरात असलं कापड? उद्या ती बाई म्हणेल, लोकांचे कपडे कडक आणि स्वतःच्या कमरेला चिंधी.”

धाकटीनं पट्टा धुतला. वाळल्यावर तो आणखीच चुरगळलेला दिसू लागला, कडांना मुरड पडली. थोरलीनं हात पुढे केला.

“इस्त्री आण.”

“इथे?”

“मग कुठे? मी येऊ का तिकडे नाचत?”

पट्ट्याला आतून एक छोटी पांढरी पट्टी शिवलेली होती. धाकटीनं ती पाहिली. आयुष्य अशा पट्ट्या वाचण्यात गेलं होतं तिचं. पाण्याच्या टोपाचं चित्र, त्यावर हात. आणि इस्त्रीचं चित्र, त्यावर काट.

“ताई, यावर काट आहे गं.”

“काट!” थोरलीनं हुंकार दिला. “काट इस्त्री न येणाऱ्यांसाठी असते. ती नवरीची मखमल आठवते? काट होती. त्या गायिकेचा झिरझिरीत झगा? काट. सगळ्या काटांवरून फिरलेय मी. मधे ओलं फडकं घातलं की कुठल्याही कापडाला समजत नाही वरून काय गेलं ते.”

आणि हे खरंच होतं. काट असलेलं एकही कापड तिच्या हातून जळलं नव्हतं. आसपासची सगळी दुकानं अडलेलं कापड घेऊन हिच्याकडेच यायची.

पण धाकटीनं इस्त्री आणली ती त्यासाठी नाही. ती आणली थोरलीच्या डोळ्यांसाठी. कितीतरी दिवसांनी त्यांत कुणीतरी दिवा लावला होता.

जेवणाचं उंच टेबल खुर्चीपुढे ओढलं, घोंगडी घातली, ओलं फडकं, खळीचं भांडं. थोरली ताठ बसली. वाकायचं नव्हतंच, वाकावं लागलंही नाही. मनगटानं काम होतं तिचं. इस्त्रीला ओलं बोट लावून तिनं चुर्रर्र आवाज ऐकला आणि मान हलवली. खळ दिली, फडकं घातलं, फिरवलं. पुन्हा खळ, पुन्हा फडकं. वाफ उठली आणि तिच्या तोंडावर आली, तशी तिनं मिटल्या डोळ्यांनी ती आत घेतली. खोलीत ओल्या गरम कापडाचा वास पसरला. पुढच्या दुकानातली मुलगी दारातून डोकावली.

“बघून ठेव,” थोरली तिला म्हणाली. “याला इस्त्री म्हणतात. तू करतेस तो कपड्यांना मार आहे.”

पट्टा पट्टीसारखा सरळ झाला. त्याच्यावर आरशाची झाक आली. थोरलीनं तो दोन बोटांत उभा धरला. मधे कुठे वाकला नाही.

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. खळ बसेपर्यंत पट्टा वापरायचा नाही म्हणाली, म्हणून पलंगावर नेताना दुकानातल्या मुलीनं हात दिला. धाकटीला म्हणाली, “उद्या त्या गेस्ट हाउसच्या उशांचे अभ्रे इकडे आण. बसून करते.” आणि अंधार पडल्यावर धाकटीला पलीकडच्या खाटेवरून तिचं गुणगुणणं ऐकू आलं.

सकाळी थोरलीला घाई होती. अभ्रे यायचे होते. “चल, चल, किती वेळ लावतेस!” ती काठाशी सरकून बसली, दुखरा पाय पुढे, हात पलंगावर. धाकटीनं पट्टा बांधला. शेपूट ओढून पाहिलं.

पट्टा सरकला. फार नाही. बोटभर.

धाकटी थबकली. तिनं पुन्हा घट्ट केला, पुन्हा ओढला, पण या वेळी हलकेच, झोपलेल्या मांजराला हात लावावा तसा. या वेळी तो हलला नाही.

“झालं का? तुझ्या बोटांत कधी जीव नव्हताच,” थोरली म्हणाली. “धुणाऱ्याचे हात. नुसते पाण्यानं फुगलेले.”

“झालं,” धाकटी म्हणाली. “एक. दोन. तीन.”

थोरली उठली. उभी राहिली. वॉकरला हात लावायला तिनं एक हात उचलला, तेव्हा गुडघा किंचित मोडला तिचा, रोजच मोडायचा तसा, आणि तिचा भार पट्ट्यावर आला. बकल सुळकन सुटत गेलं. लोणी लावल्यासारखे दात कापडावरून घसरले. पट्टा सैल होऊन काखेपर्यंत वर चढला, धाकटीच्या मुठीत नुसतं कापड आलं आणि आतली बहीण गेली. अंगावर घ्यायचं, सावकाश बसवायचं, सगळं तिला ठाऊक होतं. पण हात वर आणि बहीण खाली. थोरली वळून पडली, पाय आत वळला, आणि ओलं लाकूड पिळवटावं तसा आवाज झाला.

ओरडली नाही ती. एवढंच म्हणाली, “सोडलंस?”

बसवलेला सांधा निखळला होता. इस्पितळात भूल देऊन तो पुन्हा जागेवर बसवला. पण भुलीत थोरलीच्या छातीनं दगा दिला होता. डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं ते धाकटीनंही ऐकलं. आता पुन्हा भूल झेपणार नाही. पुन्हा निखळला तर तसाच राहील आणि माणूस अंथरुणाला लागेल. आणि अंथरुणाला लागलेलं या वयाचं माणूस, डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

थोरली शुद्धीवर आली ती एकच गोष्ट घेऊन. जो येईल त्याला सांगायची, “हिच्या हातातून सुटले.” डॉक्टरला, परिचारिकेला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला. त्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. “तिचा काय दोष? हातच तसे तिचे. लहानपणी कपबशासुद्धा सोडायची.”

भाच्यानं विचारलं, “छोटी मावशी, काय झालं नक्की?”

“माझी पकड सुटली,” धाकटी म्हणाली.

तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं. घरी आली तेव्हा खोलीत सगळं होतं तसं पडलेलं. उताणा वॉकर. उशांच्या अभ्र्यांचं गाठोडं. पलंगाखाली पट्टा. तिनं तो उचलला, बकलात घातला आणि सगळी ताकद लावून ओढला. तो सरसर निघून आला. विणीवर जिथे खडबडीत दोरे असायचे तिथे गुळगुळीत कातडी आली होती. खळीनं भोकं बुजली होती, उष्णतेनं धागे चपटे होऊन एकमेकांत मुरले होते. दातांनी रुतायचं तरी कशात? तिनं पट्टा मांडीवर ठेवला आणि बसून राहिली.

भाच्यानं गावाबाहेरचं एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं. तिथे माणसं उचलायला यंत्र होतं, रात्रंदिवस बायका होत्या. “मावशी, तुझंही वय झालं. तुझ्यानं होणार नाही आता. आणि मोठी मावशीच म्हणतेय.”

“काय म्हणतेय?”

भाच्यानं खिशातला रुमाल काढून उगाच तोंड पुसलं. “म्हणतेय, परक्याच्या हातात बरी. हिच्या हातात परत द्यायचं नाही मला.”

घर एकदा पाहून आपलं मत सांगावं म्हणून भाच्यानं एक-दोन-तीनबाईलाही बोलावलं होतं. ती आली, पलंगाची उंची पाहिली, कमोडची बैठक हलवून पाहिली. मग खुंटीवरचा पट्टा हातात घेतला. नख फिरवलं. बकलात घालून हिसडला. तो तिच्या हातात आला.

“याला इस्त्री केली?”

 बाईनं टेबलाकडे पाहिलं, त्यावरच्या घोंगडीकडे, खळीच्या भांड्याकडे. चेहऱ्यावरून तिचं हसू उतरलं.

“त्यांनी केली.”

“फार छान केली होती,” धाकटी म्हणाली.

“हा पट्टा आता कापून टाका, दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देऊ नका. आणि त्यांना हे सांगायला हवं. त्यांना वाटतंय तुमचा हात सुटला. सगळ्यांनाच वाटतंय. मलाही वाटत होतं.”

“वाटू दे.”

“का?”

धाकटीनं घोंगडीची कड सारखी केली. “बाई, तिच्यापाशी आता काय उरलंय? पाय गेला. छाती गेली. हात तेवढे आहेत. हातांनी आपल्यालाच पाडलं असं कळलं तर ती हात कुठे ठेवेल?”

बाईनं पट्टा पुन्हा खुंटीला अडकवला. मग म्हणाली, “आणि तुमच्यापाशी काय उरतंय?”

ती गेली. धाकटी अंगणात आली. दोरीवर कुणाची तरी मोठी चादर वाळत होती. ती उतरवली आणि एकटीच घडी घालायला गेली. टोक हनुवटीखाली धरलं, दुसरं हातात, तिसरं ओल्या फरशीला लागलं. दुकानातल्या मुलीला हाक मारता आली असती. मारली नाही. ओली झालेली चादर तशीच बादलीत टाकली आणि पिशवीत पट्टा घालून इस्पितळाची वाट धरली.

थोरली उताणी पडली होती. पायांच्या मधे उशी बांधलेली, दोन्ही पाय फाकलेले, कुणी परक्यानं ठेवल्यासारखे.

“उद्या गाडी येणार आहे,” ती म्हणाली. “माझे दोन गाऊन दे भाच्याजवळ. निळा नको, त्याची कॉलर बसत नाही.”

“ताई.”

“तिथे म्हणे यंत्र आहे. झोळीत घालून उचलतात. सामान चढवतात तसं. बरं आहे. यंत्राला घाम सुटत नाही हाताला.”

“ताई, माझा हात नाही सुटला.”

थोरलीनं मान वळवली.

धाकटीनं पिशवीतून पट्टा काढून तिच्या हातात दिला. काही समजावून सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. कापड होतं ते, आणि ते तिच्या हातात होतं. थोरलीनं बोटांनी वीण चाचपली, पुढून, मागून. टोक बकलात घातलं. ओढलं. पुन्हा घातलं. ओढलं. पलीकडच्या खाटेवरची बाई खोकत होती, तिचं खोकणं थांबलं तरी थोरली तेच करत होती.

“फडकं घातलं होतं मी मधे,” ती म्हणाली.

“हो.”

“ओलं होतं.”

“ओलं होतं, ताई.”

“मग?”

“तरी.”

थोरलीनं पट्टा पोटावर ठेवला. सरळ केला. त्याची कड पांघरुणाच्या कडेला लावली. मग छताकडे बघत विचारलं, “तू ओढून पाहिलं होतंस?”

“पाहिलं होतं.”

“तेव्हा बकलानं धरला होता?”

बोटभर सरकलेला पट्टा धाकटीच्या हाताला आत्ता, या क्षणीही लागत होता. तिनं बहिणीकडे पाहिलं. उद्या गाडी येणार होती.

“धरला होता,” ती म्हणाली.

थोरलीनं डोळे मिटले. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि कानात गेला. पुसायला तिनं हात उचलला नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, “त्याला सांग गाडी नको म्हणून. घरी ने मला.”

घरी नेलं. नवा पट्टा आला. जुना धाकटीनं कात्रीनं तुकडे तुकडे करून टाकला. आरशासारखं ते कापड कात्रीलाही निसटत होतं. नव्याची आतली पट्टी एक-दोन-तीनबाईनं दोघींना मोठ्यानं वाचून दाखवली. थोरलीनं ती शाळेतल्या मुलीसारखी ऐकून घेतली.

आता ती सगळं ऐकायची. काठाशी सरक म्हटलं की सरकायची. पाय पुढे म्हटलं की पुढे. गोल वळू नकोस, पावलं टाक, म्हटलं की पावलं टाकायची, मुंगीसारखी, मोजून मापून. वॉकर धरून कधी उठली नाही, पायावर पाय कधी टाकला नाही. भाचा येऊन बघून गेला आणि समाधानानं म्हणाला, “मोठी मावशी आता शहाण्यासारखी वागतेय.” एक-दोन-तीनबाई म्हणाली, “असे पेशंट मिळायला भाग्य लागतं.” बोलताना तिनं धाकटीकडे पाहिलं नाही. थोरलीनं तिला ‘बाई’ म्हणून हाक मारली. नुसतं बाई.

खुर्ची तिनं खिडकीकडे वळवून घेतली होती, दुकानाच्या दाराकडे पाठ येईल अशी. भिंतीतून इस्त्रीचा आवाज आला की ती रस्त्याकडे पाहायची. दुकानातल्या मुलीनं एकदा खरंच एका सदऱ्याची बाही जाळली. जळक्याचा वास खोलीभर आला. धाकटी धावत गेली, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्या, परत आली. थोरली तशीच बसली होती, हात मांडीवर एकाखाली एक लपवलेले.

“ताई, वास आला नाही तुला?”

“आला.”

“मग ओरडली नाहीस?”

“तिला कळेल हळूहळू,” थोरली म्हणाली.

धाकटीनं एकदा गेस्ट हाउसचे चार अभ्रे आणून तिच्यापुढे ठेवले. टेबल ओढलं, घोंगडी घातली, इस्त्री तापवली. थोरलीनं अभ्र्यांवरून हात फिरवला, चुण्या निघाव्यात तसा, आणि म्हणाली, “तूच कर. चांगली करतेस तू.” इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते असं आलं, थंड चहासारखं. धाकटीनं इस्त्री बंद केली.

आणि तरी बहीण घरात होती. सकाळी डोळे उघडले की पलीकडच्या खाटेवर तिचा श्वास ऐकू येत होता. यासाठीच तर सगळं. धाकटी स्वतःला ते सांगायची, आणि ते खरंही होतं.

फक्त उठायच्या वेळी. पट्टा बांधून झाला, काठाशी सरकून झालं, पाय पुढे, हात पलंगावर, की थोरली थांबायची. अंग पुढे झुकवायच्या आधी विचारायची, दरवेळी तेच, त्याच सुरात, धाकटीच्या तोंडाकडे अगदी जवळून बघत.

“ओढून पाहिलास?”

“पाहिला.”

“धरलाय?”

त्या डोळ्यांत काय आहे ते धाकटीला वाचता यायचं नाही. भीती असेल. किंवा एक-दोन-तीनबाईनं दरवेळी विचारायला सांगितलं होतं, म्हणूनही असेल. किंवा कापड ओळखणाऱ्या माणसाला माणूसही ओळखता येत असेल. तिनं टोक पुन्हा एकदा हिसडलं, हाताला रग लागेपर्यंत. दात रुतलेले होते. बकल जागचं हललं नाही.

“धरलाय, ताई.”

“मग म्हण.”

“एक,” धाकटी म्हणाली. “दोन.”